ओटिलिएची हाक

हेरिबेर्ट ग्राला आयुष्यात दोन खाणींचा मुकादम झाला. पहिली जर्मनीतल्या रूरच्या खोऱ्यात, जमिनीखाली. तिचं नाव ओटिलिए. कोळसा परवडेनासा झाला तेव्हा तिच्या तोंडावर काँक्रीटचं झाकण बसलं, बँड वाजला, मोठ्या लोकांची भाषणं झाली, आणि हेरिबेर्ट घरी येऊन महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. दुसरी खाण आकाशात होती. तिचंही नाव त्याने ओटिलिएच ठेवलं.

दुसरी म्हणजे ‘पेरिहेल’ नावाचा संगणकावरचा खेळ. जगभरातली माणसं त्यात एकाच वेळी, एकाच आकाशात वावरतात. खेळ बनवणाऱ्यांनी तारे दिले, दगड दिले, जहाजं दिली आणि हात झटकले. बाकी सगळं खेळणाऱ्यांनी आपसात बघायचं. कंपन्या काढायच्या त्यांनी, लढाया करायच्या त्यांनी, आणि गंडवलं गेलं तर गप्प बसायचं तेही त्यांनीच. तक्रार ऐकून घेणारं वर कुणी नाही. त्यामुळे तिथल्या बहुतेक कंपन्या चोरांच्या टोळीसारख्या चालतात. प्रत्येक दारावर पहारा, पहारेकऱ्यावर दुसरा पहारा, आणि नवा माणूस आला की आधी त्याची जन्मपत्रिका तपासायची. ओटिलिए कंपनी मात्र खाणीसारखी चालायची, आणि याचा हेरिबेर्टला केवढा अभिमान होता ते विचारू नका.

कंपनीतले निम्मेअधिक लोक जुन्या खाणीतलेच होते. उरलेले त्यांची मुलं, सुना, जावई. निवृत्त मंडळी सकाळी न्याहारी उरकून बसायची, ती पहिली पाळी. नोकरीवाले संध्याकाळी यायचे, ती दुसरी. कापणारे मोठी जहाजं घेऊन दगडांच्या पट्ट्यात जायचे आणि धातू कापून काढायचे. वाहणारे तो पोटात भरून तळावर आणायचे. पहारेकरी आजूबाजूला घिरट्या घालत लुटारूंवर लक्ष ठेवायचे. कानाला यंत्र, तोंडापुढे माइक, आणि दिवसभर गप्पा. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या बटाट्याला कीड लागलीय, कुणाच्या सुनेने स्वयंपाकघराला हिरवा रंग दिलाय. येताना प्रत्येकाने खाणीतला आपला जुना बिल्ला-नंबर सांगायचा, ज्याला तो नव्हता त्याने बापाचा किंवा सासऱ्याचा, आणि जाताना पुन्हा सांगायचा. एखादा नंबर परत आला नाही तर जेवायला कुणी उठायचं नाही. खाणीत वयाचा आणि हुद्द्याचा मान वर सोडून यायचा आणि खाली सगळ्यांनी एकमेकांना तू म्हणायचं, तसंच इथेही. ट्राम चालवणारी नुरगुल अय्देमिर कंपनीत आली तेव्हा तिची जीभ पहिले काही आठवडे वळेना. तिचा बाप ओटिलिएतच राबला होता आणि घरी हेरिबेर्टचं नाव काढताना ‘ग्रालासाहेब’ म्हणायचा. शेवटी तिने मधला मार्ग काढला. ती त्याला ‘श्टायगर’ म्हणू लागली, म्हणजे मुकादम, आणि पुढे तू.

हेरिबेर्टची बायको गुद्रुन या सगळ्याला हसायची. जमिनीखाली जन्म गेला तरी याची दगड फोडायची हौस फिटली नाही, आता आकाशातले फोडतोय, असं ती शेजारणींना सांगायची. पण रविवारी दुपारी केक कापला की त्याची ताटली न चुकता संगणकाशेजारी आणून ठेवायची. रविवारची दुपार महत्त्वाची होती. कंपनीने दोन वर्षं खपून स्वतःचा तळ उभा केला होता. सगळा धातू, सगळी जहाजं, सगळ्यांची कमाई त्या तळात. तळाभोवती एक कवच होतं, आणि खेळाच्या नियमाप्रमाणे ते आठवड्यातून एकदा थोडा वेळ कच्चं पडायचं. कधी ते मालकाने ठरवायचं. यांनी रविवारचा कॉफीनंतरचा वेळ ठरवला, कारण तेव्हा सगळे घरी असतात. तेवढा वेळ झाडून सगळ्यांनी जहाजं घेऊन तळाभोवती उभं राहायचं. बोरेआलिस नावाची एक मोठी टोळी बरेच दिवस या तळावर डोळा ठेवून होती, पण रविवारची ती भिंत बघून माघारी वळायची.

आणि एक हाक होती.

ही खाणीतली रीत. छत कोसळलं, माणूस आत राहिला, तर तो फोनवरून किंवा नळावर ठोकून एकच गोष्ट कळवतो. अडकलोय. ज्याच्या कानावर पडेल त्याने म्हणायचं, आलो. आणि निघायचं. कोण, कुठे, कुणाच्या चुकीने, हे वाटेत. आधी विचारत बसलं की माणूस मरतो, हे खाणीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. आणि म्हणूनच ती हाक खोटी कुणी दिली नव्हती. दारू पिऊन नाही, थट्टेत नाही, भांडणात नाही. पंचविशीतली टारगट पोरंसुद्धा त्या शब्दापुरती शहाणी असायची. आकाशातल्या ओटिलिएतही हीच रीत चालली. दगडांच्या पट्ट्यात कुणाला लुटारूंनी घेरलं की तो म्हणायचा, अडकलोय, आणि एकामागून एक आवाज यायचे, आलो, आलो, आलेच. बाकीच्या कंपन्या या रीतीला खुळेपणा म्हणायच्या. पण त्यांची माणसं टिकत नसत आणि ओटिलिए सोडून कुणी जात नसे.

ही हाक म्हणजे काय ते सगळ्यांत जास्त कळलं होतं लोथार सोब्चिकला. लोथार आणि हेरिबेर्ट एका शाळेतले, एका गल्लीतले, एकाच दिवशी खाणीत लागलेले. पुढे एक मुकादम झाला, एक झाला नाही. एकदा छत आलं आणि लोथार त्याखाली गेला. हेरिबेर्टच्या तुकडीने रात्रभर दगड उपसले. सगळ्यांनी आशा सोडली तरी हेरिबेर्ट हटला नाही, आणि पहाटे त्याने लोथारला ओढून बाहेर काढलं. लोथारचा एक पाय तेव्हापासून ओढत चालतो. ही गोष्ट हेरिबेर्ट फार रंगवून सांगायचा. लग्नात सांगायचा, बारशात सांगायचा, बागेतल्या क्लबात बिअरचा ग्लास हातात आला की हमखास सांगायचा. “अंधारात हात घातला आणि हाताला काय लागावं? लोथारचं नाक! म्हटलं, एवढं नाक बाहेर आहे म्हणजे माणूस श्वास घेतोय.” सगळे हसायचे. लोथारही हसायचा आणि नाकाला हात लावून दाखवायचा. खेळात लोथार धातू वाहायचा. त्याचं जहाज कंपनीतलं सगळ्यांत हळू, आणि त्यावरूनही थट्टा व्हायची.

तो रविवार मे महिन्यातला होता. बाहेर लख्ख ऊन, लोकांनी बागेत शेगड्या पेटवलेल्या, आणि ओटिलिएची मंडळी पडदे ओढून तळाभोवती उभी. कवच नुकतंच कच्चं पडलं होतं. लोथार त्या दिवशी आला नव्हता. कबुतरांची शर्यत आहे, असं त्याने आदल्या दिवशी कळवलं होतं, आणि ते कुणाला वावगं वाटलं नाही, कारण लोथारची कबुतरं म्हणजे त्याची पोरंबाळं. गप्पा चालल्या होत्या. गुद्रुनने केकची ताटली आणून ठेवली. आणि कानात लोथारचा आवाज आला.

“अडकलोय.”

एवढंच. मग खरखर. पडद्यावर त्याच्या जहाजाचा ठिपका दूरच्या एका वायूच्या ढगात दिसत होता, कितीतरी तारे ओलांडून पलीकडे.

हेरिबेर्टच्या तोंडून “आलो” निघालं तेव्हा त्याने विचारही केला नव्हता. त्याच्या मागोमाग सगळे. पहाऱ्याचा प्रमुख डेटलेफ, कापणारे, वाहणारे, सगळ्यांनी जहाजांची तोंडं फिरवली. फक्त नुरगुल म्हणाली, “श्टायगर, तळाचं काय? निम्मे तरी इथे राहू या.”

“माणूस आत आहे,” हेरिबेर्ट म्हणाला. “तळाचं नंतर बघू.”

त्या आवाजापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. नुरगुलही निघाली.

ढगात पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. लुटारू नाहीत, मोडकं जहाज नाही, काही नाही. लोथारचा ठिपकाही विझलेला. उशीर झाला असं हेरिबेर्टला वाटलं. लोथारला मारून ते निघूनही गेले असं वाटलं. तो माइकमध्ये पुन्हा पुन्हा सांगू लागला की लोथार, माफ कर, वाट लांब होती, आम्ही थांबलो नव्हतो, केक तसाच टाकून आलोय. मग हेरिबेर्टने त्याला फोन लावला. उचलला नाही. शर्यतीतून मधेच उठून खेळायला बसला असेल बिचारा, आता जहाज गेलं म्हणून रुसला असेल, असं तो डेटलेफला सांगत होता, तेवढ्यात तळावरच्या घंटा वाजायला लागल्या.

बोरेआलिसची जहाजं तळाच्या भोवती कधी येऊन बसली होती कुणास ठाऊक. ओटिलिएची मंडळी परत फिरली, पण तारे ओलांडायच्या फाटकांवर बोरेआलिसचे पहारे बसलेले. एकेक करून जहाजं गेली. तळ जळताना त्यांनी लांबूनच पाहिला. माइकवर कुणाच्या तरी घरातलं कुत्रं भुंकताना फक्त ऐकू येत होतं. गुद्रुन ताटली न्यायला आली, तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि खेळच तर आहे हे तोंडावर आलेलं वाक्य तिने गिळलं.

दुसऱ्या दिवशी नुरगुलचा फोन आला. ट्राम डेपोतून करत होती, मागे गलका होता. तिने फार जपून सांगितलं. बोरेआलिसच्या माणसांच्या यादीत लोथारचं नाव आलंय. साधं नाही, तुकडीप्रमुख म्हणून.

हेरिबेर्टने तिला झापलं. लोथारचं खातं कुणीतरी चोरलं असणार, इतकी साधी गोष्ट तुला कळू नये? लोथारला संगणकातलं काय कळतं, त्याचा परवलीचा शब्दसुद्धा त्याच्या लाडक्या कबुतराचं नाव आहे, सगळ्या गावाला ठाऊक. नुरगुलने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आवाज त्याचाच होता, श्टायगर. हेरिबेर्टने फोन ठेवला.

संध्याकाळी तो लोथारकडे गेला. गुद्रुनने बटाट्याची कोशिंबीर डब्यात भरून दिली होती, कारण लोथारची बायको गेल्यापासून त्याच्या घरी रिकाम्या हाताने कुणी जात नसे. लोथार परसात कबुतरांच्या खुराड्यापाशी बसला होता. एक निळसर मादी मांडीवर घेऊन तिचा पंख पसरून बघत होता. हेरिबेर्टला पाहून तो उठला नाही.

हेरिबेर्टने डबा बाकावर ठेवला आणि घाईघाईने बोलायला सुरुवात केली. खातं चोरीला गेलंय, घाबरू नकोस, खेळवाल्यांना लिहू, चोरलेलं खातं तरी ते बंद करतातच, तुझा काही दोष नाही.

“चोरीबिरी काही नाही,” लोथार म्हणाला. “मीच आहे तो.”

हेरिबेर्ट बाकावर बसला. डबा पडता पडता त्याने धरला.

लोथारने मादीला खुराड्यात सोडलं, हात पँटला पुसले आणि शांतपणे सांगितलं. बोरेआलिसवाल्यांनी हिवाळ्यातच गाठलं होतं. रविवारी पहारा कधी ढिला पडतो एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, कधीच पडत नाही. ते खरंच होतं. त्यांना हाकेचं काही ठाऊक नव्हतं, हेरी. ते मी सांगितलं.

“का?”

कबुतरं घुमत होती. पलीकडच्या परसात कुणीतरी गवत कापत होतं.

“माझी साठी आठवते?” तो म्हणाला. “क्लबात. माझी पोरगी हँबुर्गहून आली होती, जावई आला होता, नातू पहिल्यांदा आजोबाला इतक्या माणसांत बघत होता. मी चार शब्द बोलणार होतो. लिहून आणले होते. आणि तू ग्लास वाजवून उभा राहिलास. अंधार, दगड, हात घातला, नाक. झालं. त्यानंतर सगळ्या संध्याकाळभर तो पोरगा माझं नाक ओढत होता.”

“अरे, पण लोक हसतात. तूही हसतोस.”

“मी काय करणार? रडू? तू मला बाहेर काढलंस, मी नाही म्हणत नाही. रोज सकाळी हा पाय खाली ठेवतो तेव्हा तुझी आठवण येते. पण तू मला नीट कधी बाहेर काढलंच नाहीस, हेरी. दर वेळी ग्लास हातात घेतोस आणि मला पुन्हा त्या दगडाखाली घालतोस, आणि पुन्हा काढतोस. खाणीत तू श्टायगर, मी हमाल. आकाशात तू श्टायगर, मी हमाल. अख्खं आकाश दिलं होतं त्यांनी आपल्याला, काहीही होता आलं असतं. बोरेआलिसवाले मला विचारतात, लोथार, कुठून जाऊ या. त्यांना माझं नाक ठाऊक नाही.”

हेरिबेर्टला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला. तुला मला सांगता नाही आलं, तो म्हणाला, शिवी देता आली नाही, क्लबात सगळ्यांसमोर थोबाडीत मारता आली नाही? मारली असतीस तर मी खाल्ली असती. बोरेआलिसमध्ये जायचं तर जायचं होतंस. कुलपांच्या किल्ल्या द्यायच्या होत्यास. तळ घ्यायचा होतास, जहाजं घ्यायची होतीस.

“पण तो शब्द का?” त्याचा आवाज फाटला. “लोथार, तो शब्द का?”

“दुसऱ्या कशाला तू जागचा हलला नसतास,” लोथार म्हणाला.

त्याच्या बोलण्यात थोडी ऐट होती, आणि ती हेरिबेर्टला शेवटपर्यंत विसरता आली नाही. हुशारीचं काम केलेल्या माणसाला असते तशी. हेरिबेर्ट उठला. खाणीतली माणसं एकमेकांचा निरोप घेताना ‘ग्ल्युक आउफ’ म्हणतात, सुखरूप वर ये अशा अर्थाने, आणि भांडण झालं तरी ते म्हणायचं राहत नाही. ते हेरिबेर्टच्या ओठांवर आलं आणि तसंच राहिलं. डबा मात्र त्याने तिथेच ठेवला, कारण गुद्रुनने विचारलं असतं.

त्या आठवड्यात क्लबात बैठक झाली. फ्रिकाडेलं, म्हणजे खिम्याचे वडे, तळली होती, पण खाल्ली फारशी कुणी नाहीत. लोथारला शिव्या घालून झाल्या, हेरिबेर्टलाही दोन टोमणे बसले, आणि मग डेटलेफ उठला. नवा नियम हवा, तो म्हणाला. हाक आली तर आधी विचारायचं. नेमकं कुठे, समोर कोण, किती जहाजं, आणि पडद्याचं चित्र पाठव. मग निघायचं. जगातल्या सगळ्या कंपन्या असंच करतात. बऱ्याच माना हलल्या.

हेरिबेर्ट उभा राहिला. लोकांना वाटलं, हा आता राजीनामा देणार. तो म्हणाला की तळ पुन्हा बांधता येईल, जहाजंही येतील. एका माणसाने खोटी हाक दिली म्हणून हाक खोटी होत नाही. आपण विचारायला लागलो तर मग आपल्यात आणि त्या चोरांत फरक काय राहिला? जमिनीखालचं सगळं गेलं, खाण गेली, कोळसा गेला, खाणीच्या ढिगाऱ्यांवर आता झाडं लावतात. खाली शिकलेली एवढी एकच गोष्ट आपण वर घेऊन आलो आहोत. ती मी लोथार सोब्चिकला नेऊ देणार नाही. तो बोलायला काही फार मोठा वक्ता नव्हता, पण त्या दिवशी बोलला. नुरगुलने सगळ्यांत आधी त्याच्या बाजूने हात वर केला. मग एकेक करत इतरांनी केला. डेटलेफनेही केला, जरा उशिरा. घरी परतताना हेरिबेर्टला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. त्याने गुद्रुनला सांगितलं की लोथारने काही नेलेलं नाही.

उन्हाळा तसाच गेला. काही लोक खेळ सोडून गेले, भांडून नाही, हळूहळू. उरलेल्यांनी दूरच्या कोपऱ्यात एक लहानसा तळ बांधायला घेतला. पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, बिल्ल्यांचे नंबर पुन्हा सांगितले जाऊ लागले. गप्पाही व्हायच्या, पण मधेमधे कुणी काही विचारलं की दुसरा उत्तर द्यायच्या आधी किंचित थांबायचा. हेरिबेर्टला ते जाणवायचं. त्याने ते मनावर घेतलं नाही. नाकाची गोष्ट त्याने पुन्हा कधी सांगितली नाही, आणि ती सांग म्हणून कुणी म्हटलंही नाही.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी, दुसऱ्या पाळीला, नुरगुल एकटीच एका नव्या पट्ट्यात कापायला गेली होती. तिने स्वतःच्या कमाईतून नवं जहाज घेतलं होतं, कंपनीतलं सगळ्यांत मोठं कापणारं जहाज, आणि त्याला बापाचं नाव दिलं होतं. बाप गेल्याच वर्षी फुप्फुसं धुळीने भरून वारला होता. बाकीचे नव्या तळापाशी होते. हेरिबेर्ट कॉफी ढवळत होता. कुणीतरी भोपळ्याच्या सुपाबद्दल बोलत होतं.

“अडकलेय,” नुरगुल म्हणाली.

सूपवाला बोलायचा थांबला. तेवढ्या क्षणात सगळ्यांनी वाट पाहिली, आणि कुणाची ते हेरिबेर्टला माहीत होतं. श्टायगर आधी बोलतो. त्याने तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर होता, आयुष्यभर तिथेच होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे आला तो रिकामा ढग आणि पँटला हात पुसणारा लोथार. नवा तळ अजून अर्धवट होता. नुरगुल पूर्वी कोणत्या कंपनीत होती? त्या रविवारी निम्मे इथेच राहू या असं एकटी तीच कशी म्हणाली होती?

“कुठे आहेस?” हेरिबेर्ट म्हणाला. “समोर कोण आहे?”

बोलून गेल्यावर ते त्याला ऐकू आलं.

नुरगुलने सांगितलं. ट्रामचे थांबे सांगावेत तसं, न अडखळता सांगितलं. पट्ट्याचा नंबर, कुठल्या टोळीची जहाजं, किती, कुठून आली. चित्रही पाठवलं. ते चित्र सगळ्यांच्या पडद्यावर उघडलं तेव्हा तिच्या मोठ्या जहाजाच्या मधोमध आग दिसत होती. तेव्हा कुठे डेटलेफ आलो म्हणाला, बाकीचे म्हणाले, सगळे आपापल्या जागेवरून हलले, पण तोवर ठिपका विझला होता. हेरिबेर्ट मात्र आलो म्हणालाच नव्हता. त्याचा हात कॉफीच्या कपावर तसाच होता.

नुरगुल रागावेल, शिव्या घालेल, बैठकीतलं भाषण त्याच्या तोंडावर फेकेल, अशी तो वाट पाहत होता. तसं झालं असतं तर त्याला मान खाली घालून ऐकता आलं असतं.

“राहू दे, श्टायगर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मीपण विचारलं असतं.”

तिने जाताना आपला नंबर सांगितला, रीतीप्रमाणे, आणि ती गेली.